अष्टभुजेचे सहा हात

“जलपरी चालेल का?” असं विचारत पोशाख भाड्याने देणाऱ्या दुकानदाराने काउंटरवर हिरव्या चमकीचा घागरा पसरला. त्याआधी कृष्ण, झाशीची राणी, परी आणि वाहतूक पोलीस दाखवून झाले होते. घागऱ्यावर माशाच्या खवल्यांसारख्या टिकल्या होत्या आणि त्यांतल्या अर्ध्या गळून गेल्या होत्या.

इरूने तो बोटाने चाचपला, दुकानदाराकडे बघून हसली आणि म्हणाली, “छान आहे. चालेल.”

तिला जलपरी व्हायचं नव्हतं. ऑक्टोपस व्हायचं होतं. हे दुकानात शिरताना तिने एकदा हळूच सांगितलं होतं आणि दुकानदाराने “ते नाही आपल्याकडे” म्हटल्यावर पुन्हा तो शब्द उच्चारला नव्हता. मी घागरा घडी करून परत दिला आणि उद्या येतो म्हणून तिला बाहेर घेऊन आलो.

त्या वेळी मी पाटबंधारे खात्यात इंजिनियर होतो आणि ब्रह्मपुरीला कालव्याच्या कामावर माझी बदली झालेली होती. माझी मुलगी इरावती, म्हणजे इरू, नऊ वर्षांची होती आणि पुण्याला तिच्या आईकडे, गौरीकडे, राहत होती. गौरी आणि मी दोन वर्षांपासून वेगळे झालो होतो. भांडून तोंडं फिरवावीत असं आमच्यात काही उरलं नव्हतं. घटस्फोटाचं आणि इरूच्या राहण्याचं कोर्टात कागदोपत्री व्हायचं बाकी होतं, तेवढंच. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत इरूने माझ्याकडे राहायचं ठरलं. एकटी, आईशिवाय, इतके दिवस ती पहिल्यांदाच येत होती.

मी तिची खोली रंगवून घेतली होती. तिला आवडतात म्हणून खोबऱ्याच्या वड्या मागवल्या होत्या. ती आली आणि पाहुणीसारखी राहू लागली. पंखा लावू का, फ्रिजमधलं पाणी घेऊ का, असं प्रत्येक गोष्टीला विचारायची. आंघोळ झाली की टॉवेल घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवायची. जेवणात तिखट जास्त झालं तर पाणी पीत पीत सगळं संपवायची आणि म्हणायची, “छान झालंय.” हट्ट नाही, रडणं नाही, काही मागणं नाही. शेजारच्या नाकाडे काकू म्हणाल्या, किती गुणी आहे हो मुलगी. मी हो म्हणालो.

हॅलोविनचं मला गौरीने फोनवर सांगितलं. “ती तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगते,” ती म्हणाली. पुण्यातल्या त्यांच्या सोसायटीत ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी मुलं सोंगं घेऊन घरोघर जायची आणि खाऊ गोळा करायची. इरू आणि तिच्या तीन मैत्रिणींनी समुद्रातले प्राणी व्हायचं उन्हाळ्यापासून ठरवलं होतं. बाकीच्या तिघी शार्क, खेकडा आणि स्टारफिश होणार होत्या. सुट्टीचे दिवस ठरले तेव्हा ही तारीख माझ्या वाट्याच्या दिवसांत आली आणि इरूने कुणालाच काही म्हटलं नाही.

मी संध्याकाळी तिला म्हणालो की आपण हॅलोविन इथेच करू.

“इथे असतो?” तिने विचारलं.

“या वर्षी असेल,” मी म्हणालो.

पण ब्रह्मपुरीत ऑक्टोपस आणायचा कुठून, हा प्रश्न होता. ते जलपरीवालं दुकान तर बघून झालं होतं. ऑनलाइन मागवावा तर महिनाअखेरीपर्यंत पोहोचेल याची खात्री कुणी देईना. नागपूरला एका ओळखीच्या माणसाला विचारलं, त्याने दोन दुकानं पालथी घालून सिंह आणि ससा असल्याचं कळवलं. शेवटी आमच्या ऑफिसातल्या सोनकुसरे नावाच्या क्लार्कने माझं फोनवरचं बोलणं ऐकलं आणि म्हणाला, “साहेब, वडशाले जाऊन पाहा ना. नाटकवाल्यांकडं मिळन काहीतरी.”

वडसा वैनगंगेच्या पलीकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी इरूला मोटरसायकलवर मागे बसवलं आणि निघालो. दोन्ही बाजूंना धान पिवळं झालं होतं, काही बांध्यांत कापणी सुरू होती. पुलावर मी गाडी थांबवली आणि तिला नदी दाखवली. ती म्हणाली, “छान आहे.” मग बराच वेळ माझ्या शर्टाला धरावं की सीटच्या मागच्या दांडीला, या विचारात ती असावी. तिने दांडी धरली.

त्या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा, भरतात आणि प्रत्येक मंडईला नाटक असतंच. रात्रभर चालणारं, हजारो माणसांपुढे. या सगळ्या नाटक कंपन्यांचा मुक्काम वडशाला. आम्ही पोहोचलो तेव्हा मुख्य रस्त्यावर दोन्हीकडे नाटकांचे रंगीत फलक लागलेले होते, रडणाऱ्या नायिका आणि बंदूक रोखलेले खलनायक. इरू मान वळवून वळवून बघत होती.

विचारत विचारत आम्ही एका ड्रेपरीत पोहोचलो. ड्रेपरी म्हणजे नाटकाचे कपडे, दाढ्यामिशा, मुकुट, तलवारी असं सगळं भाड्याने देणारं दुकान. लांबट खोली, दोन्ही भिंतींना पत्र्याच्या पेट्या, वर दोरीवर ओळीने टांगलेले अंगरखे, आणि दारात एका टेम्पोत सामान चढत होतं. मालकीणबाई सत्तरीच्या होत्या. अंजनाबाई निकुरे. तरुणपणी त्या स्वतः नाटकात काम करायच्या, हे भिंतीवरच्या फोटोंवरून कळत होतं. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि मिशांचा एक जुडगा हातात घेऊन त्या सामान चढवणाऱ्यांना सूचना देत होत्या.

मी आमचं काम सांगितलं. त्यांनी माझ्याकडे न बघताच नकार दिला. “पोरांचं नाही देत जी आम्ही. सीझन सुरू झाला, आता उसंत नाही. अन् पोरं कपड्यांवर आइस्क्रीम सांडवतात.”

मी पुन्हा काही बोलणार तेवढ्यात त्यांची नजर इरूवर गेली. ती एका कोपऱ्यात ठेवलेल्या राक्षसाच्या मुखवट्यासमोर उभी होती आणि हात पाठीमागे बांधून, कशालाही स्पर्श न करता, वाकून बघत होती.

“तुले काय व्हायचं हाये?” अंजनाबाईंनी विचारलं.

“ऑक्टोपस.”

“तो कोण?”

इरूने माझ्याकडे पाहिलं. मी सांगायला लागलो तर बाईंनी मला हाताने थांबवलं. “तुमाले नाही, तिले विचारलं.”

इरू म्हणाली, “तो समुद्रात असतो. त्याला हाडं नसतात. आठ हात असतात आणि तीन हृदयं असतात. घाबरला की तो रंग बदलतो आणि दगडासारखा दिसतो. मग तो तिथे आहे हे कुणाला कळतच नाही.”

“अन् बोलत नसन तो.”

“नाही.”

अंजनाबाईंनी मिशांचा जुडगा पेटीवर ठेवला. “आमच्या इथं आठ हातवाली एकच हाये,” असं म्हणत त्या आत गेल्या आणि एका माणसाला हाक मारून त्यांनी माळ्यावरून एक बोचकं उतरवायला लावलं.

बोचक्यातून देवीचे हात निघाले. पाठीला लावायची एक लाकडी फळी, तिला खांद्यांवरून घ्यायचे चामड्याचे पट्टे, आणि फळीच्या दोन्ही बाजूंना कागदाच्या लगद्याचे रंगवलेले हात. गोरेपान, लाल नखांचे, मनगटात सोनेरी कड्यांचे. नाटकाच्या शेवटी नायिकेला अष्टभुजा देवी दर्शन देते, त्या प्रवेशासाठी ते केलेले होते.

इरूने मोजले. “हे सहाच आहेत.”

“दोन तुझे,” बाई म्हणाल्या.

इरूच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला अजून आठवतं. तिने स्वतःचे दोन्ही हात वर करून त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू ते तिला नुकतेच मिळाले आहेत.

फळी मोठ्या बाईच्या मापाची होती. पट्ट्यांना नवी भोकं पाडून ती इरूच्या पाठीला बांधली. हातांच्या कोपरांतून काळा दोरा ओवलेला होता आणि त्याची टोकं घालणाऱ्याच्या मनगटांना बांधायची होती. बाईंनी ती बांधली आणि म्हणाल्या, “आता हात उचल.” इरूने हात उचलले आणि तिच्या मागून सहा हात सावकाश वर आले. समोर एक उंच आरसा होता. ती आरशात बघून मोठ्याने हसली. आल्यापासून तिचं असं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं.

भाड्याचं बोलणं झालं. अट एकच होती. एक तारखेला रात्री एका मंडईत देवी उभी राहणार होती, त्यामुळे त्या दिवशी सकाळी हात परत हवेत, आणि जसे आहेत तसे. त्यांना काही चिकटवायचं नाही, खिळा मारायचा नाही, रंग लावायचा नाही. वर जे काही करायचं ते खोळीसारखं चढवायचं आणि काढायचं. मग त्यांनी पेटीच्या तळातून एक जांभळा मखमली अंगरखा ओढून काढला. त्याला उंदरांनी ठिकठिकाणी कुरतडलं होतं.

“याचा राजा गेला,” त्या म्हणाल्या. “आता कापून टाका.”

परतताना फळी माझ्या पुढ्यात आडवी होती आणि देवीचे हात दोन्हीकडे बाहेर आलेले. पुलावर समोरून येणाऱ्या बैलगाडीतल्या माणसाने कपाळाला हात लावून नमस्कार केला. इरू मागे हसत होती. हसताना तिने माझा शर्ट धरला.

शिवणकामातलं मला बटण लावण्यापलीकडे काही येत नव्हतं. नाकाडे काकूंनी मशीनवर शिवून द्यायची तयारी दाखवली, पण इरू म्हणाली की आपणच करू. म्हणजे ती कापणार आणि मी शिवणार. पुठ्ठ्यावर तिने ऑक्टोपसच्या हाताचा नमुना काढला, वर रुंद आणि टोकाला निमुळता. अंगरखा जमिनीवर पसरून आम्ही दोघं गुडघ्यांवर बसलो. पहिली खोळ शिवून व्हायला जेवणाची वेळ टळून गेली. मी मोठ्या अभिमानाने ती वर धरून दाखवली.

इरू बघत राहिली. मखमलीची मऊ बाजू आत गेली होती आणि दोन्ही टोकं बंद झाली होती.

“बाबा, असं काय करता तुम्ही,” ती म्हणाली. “सगळं उसवा आता.”

मी उसवायला बसलो. ती माझ्यावर चिडली होती, आणि चिडून ती तशीच माझ्या शेजारी बसली होती, कात्री नीट धरा म्हणून सांगत. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

त्यानंतर ती माझी मुकादम झाली. टाके लांब आहेत, दोरा संपत आला, या हाताची जाडी त्या हातासारखी नाही. देवीची बोटं मखमलीतून उठून दिसायला लागली तेव्हा मी म्हणालो, चालेल, लांबून कळत नाही. ती म्हणाली, ऑक्टोपसला बोटं नसतात. मग बोटांच्या पुढे कापूस भरला. टोकं वळलेली हवीत म्हणून मी कामावरून बांधणीची तार आणली आणि खोळीच्या टोकात घातली. हाताखालच्या गोल चोषकांसाठी तिने बस स्टँडवरच्या टपरीवाल्याकडे स्वतः जाऊन कोल्ड्रिंकच्या बाटल्यांची बुचं मागून आणली. मी बाहेर गाडीपाशी थांबलो होतो. ती मूठ भरून घेऊन आली आणि म्हणाली, उद्या आणखी देणार आहेत. मी खिळ्याने बुचांना भोकं पाडायची आणि तिने ती टाचायची, असं काम चाललं. भाऊबीज कधी आली आणि गेली, मला कळलं नाही. पाणी प्यायला ती उठून जायची आणि माझ्यासाठीही पेला भरून आणायची.

अशीच बुचं टाचताना ती म्हणाली, “बाबा, पुण्याला गेल्यावर मला जज मॅडमना भेटायचंय.”

“हो.”

“त्या विचारणार आहेत, बाबांकडे जायला आवडेल का म्हणून.”

माझ्या वकिलाने मला बजावलं होतं की हा विषय आपण होऊन काढू नका आणि तिला काही शिकवू नका. शिकवण्याची गरज नव्हती. मला स्वतःलाच ऐकायचा धीर नव्हता. ती नको म्हणाली असती तर वर्षातून दोन वेळा, कुणाच्या तरी घरी, घड्याळ बघत भेटणं माझ्या वाट्याला आलं असतं. मी खिळा बुचावर धरला आणि मारलाच नाही.

“मी काय सांगू?” तिने विचारलं.

“तुला जे वाटतं ते.”

“आईपण असंच म्हणाली.” तिने सुईत दोरा ओवला, गाठ मारली. “आणि मला अजून माहीतच नसेल तर?”

“तर तसं सांगायचं. त्या रागावणार नाहीत.”

“तुम्ही?”

“मी पण नाही.”

तिने हात पुढे केला. मला वाटलं तिला माझा हात हवाय. तिला पुढचं बुच हवं होतं. मी ते दिलं.

ऑक्टोपस तयार होत आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याच्यासाठी दारं उघडणार कोण. आमच्या कॉलनीत हॅलोविन हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. कालव्यासाठी लोकांच्या घरी जाऊन त्यांना समजावणं हे माझं रोजचंच काम, पण या कामासाठी दार वाजवताना मला घाम फुटला. पहिलं घर ठेंगरी गुरुजींचं. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. मी त्यांना अमेरिकेपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. मुलं सोंग घेतात, संध्याकाळी घरोघर येतात, आपण त्यांना खाऊ द्यायचा.

गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे तान्हा पोळाच की.”

ते खरंच होतं. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं नटूनथटून लाकडी बैल घेऊन दारोदार जातात आणि लोक त्यांना बोजारा देतात, म्हणजे खाऊ नाहीतर नाणी. मी नागपुरात वाढलेलो. लहानपणी मी स्वतः मावळा होऊन बैल ओढत गल्लीभर फिरलो होतो. तरी मला ते सुचलं नव्हतं. गुरुजींनी पुढचं काम आपल्याकडे घेतलं. संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं होतं की इंजिनियर साहेबांच्या मुलीसाठी दुसरा तान्हा पोळा आहे, बैलाऐवजी समुद्रातला कोणी प्राणी आहे, आणि दिवाळीचा फराळ थोडा राखून ठेवा.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर मी तिला तयार केलं. फळी बांधली, दोरे मनगटांना बांधले. डोक्यावर मखमलीची कापूस भरलेली मोठी टोपी, तिच्यावर टेबल टेनिसच्या चेंडूंचे दोन डोळे. सहा जांभळे हात तिच्या मागे डुलत होते आणि स्वतःचे दोन तिने तशाच बाह्यांत घातले होते. फाटकापर्यंत ती तुरुतुरु चालत गेली आणि तिथे थांबली.

“मी नाही गेले तर चालेल?”

“चालेल.”

“कुणी हसलं तर?”

“हसतीलच. इथे कुणी ऑक्टोपस पाहिलेला नाही.”

तिने थोडा विचार केला. “मग त्यांना सांगावं लागेल,” असं म्हणून तिने फाटक उघडलं. मी चार पावलं मागे राहिलो.

नाकाडे काकूंच्या दारात ती काहीच बोलली नाही. काकूंनी कौतुक केलं, मूठभर चिवडा पिशवीत घातला आणि ती पुटपुटत आभार मानून मागे वळली. दुसऱ्या घरीही तसंच. मला वाटलं, दोनचार घरं करून आपण परत येऊ आणि ती म्हणेल, छान झालं.

तिसरं घर ठेंगरींचं. गुरुजी बाहेर गेले होते. त्यांच्या पत्नी दाराशी आल्या. आजींना डोळ्यांनी कमी दिसायचं आणि अंधारून यायला लागलं होतं. पायरीवर कोणीतरी उभं आहे आणि त्याला पुष्कळ हात आहेत, एवढं त्यांनी पाहिलं. हात जोडले, आत वळल्या आणि कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. जांभळी टोपी जरा वर सारून त्यांनी इरूच्या कपाळाला कुंकू लावलं.

“आजी,” इरू म्हणाली, “मी देवी नाही. मी ऑक्टोपस आहे.”

“असशील माय,” आजी म्हणाल्या. “पण हात तर आठच आहेत ना?”

ते बरोबरच होतं. मग आजींनी जरा वाकून मान खाली केली आणि तशाच थांबल्या. इरूने एकदा मागे माझ्याकडे पाहिलं. मी काही खूण केली नाही. काय करावं मलाही कळत नव्हतं. तिने दोन्ही हात वर उचलले, मागचे सहा हात वर आले, आणि तिने ते सगळे सावकाश आजींच्या डोक्यावर आणले. कोल्ड्रिंकची बुचं एकमेकांवर वाजली.

आजींनी मान वर केली आणि तिच्या पिशवीत एक करंजी ठेवली. “तो आठ हातांचा कोण म्हणालीस, तो कसा असतो?” त्यांनी विचारलं.

इरूने सांगितलं. हाडं नसण्यापासून सगळं. तीन हृदयं असतात म्हटल्यावर आजी आत जाऊन आणखी दोन करंज्या घेऊन आल्या. तीन हृदयांना एक कशी पुरणार, असं त्या म्हणाल्या.

पुढच्या घरापासून ती दार उघडायच्या आत बोलायला लागली. मी ऑक्टोपस आहे, मला तीन हृदयं आहेत. लोक हसायचे आणि तीन लाडू द्यायचे, तीन चकल्या द्यायचे. कॉलनीतली मुलं मागे लागली. त्यांतली काही घरात पळाली आणि बापाचं हेल्मेट, आईची ओढणी, रेनकोट असं मिळेल ते घालून परत आली. इरू त्यांना कोण कुठला प्राणी आहे हे नेमून देत होती. रेनकोटवाला देवमासा झाला. शेवटच्या गल्लीपर्यंत त्यांची वरात झाली होती आणि सगळ्यांत पुढे आठ हात हलवत माझी मुलगी, कुंकू नाकापर्यंत ओघळलेलं, खणखणीत आवाजात ओरडत. मी बराच मागे पडलो होतो. ती एकदाही वळून बघत नव्हती की मी आहे की नाही. मला ते फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खोळी उतरवल्या आणि देवीचे हात ओल्या फडक्याने पुसले. एका करंगळीचा रंग जरासा उडाला होता. तो इरूला आधी दिसला. वडशाला पोहोचेपर्यंत ती तेवढ्याचीच काळजी करत होती, आणि गाडीवरून उतरल्याबरोबर तिने अंजनाबाईंना आपण होऊन ते बोट दाखवलं.

बाईंनी चष्मा लावून पाहिलं. “देवीच्या करंगळीकडं कोण पाहाते,” त्या म्हणाल्या. “लोकं तोंड पाहातात.” मग तिला पेटीवर बसवून घेतलं आणि काय काय झालं ते सांग म्हणाल्या.

इरूने सांगितलं. आजींची गोष्ट तिने उभं राहून, करून दाखवली. अंजनाबाईंनी ती दोनदा करायला लावली आणि दुसऱ्या वेळी हात आणखी हळू खाली आणायला सांगितले. टेम्पोवाले दारात थांबून बघत होते. मी बोचकं बांधत होतो. बोचक्याच्या गाठीत मी उगाचच जास्त वेळ घालवत होतो, कारण परवा तिला पुण्याला सोडायचं होतं आणि इथलं काम संपलं की आम्हा दोघांना मिळून करायचं काही राहिलं नव्हतं.

“अन् त्या मखमलीच्या खोळी?” बाईंनी विचारलं. “त्या कुठं हायेत?”

“त्या बाबांकडे राहणार,” इरू म्हणाली. “पुढच्या वर्षी लागतील. पुढच्या वर्षीपण मी ऑक्टोपसच होणार आहे. या वेळी डोकं नीट झालं नाही.”

“पुढच्या वर्षी हात कोणी दुसऱ्यानं नेले तर?”

“नका देऊ ना कुणाला. माझ्यासाठी ठेवा.”

“येजो मंग येळेवर. दिवाळीले येशीन का?”

“पुढच्या वर्षी दिवाळी उशिरा आहे, नोव्हेंबरमध्ये,” इरू म्हणाली. “मी कॅलेंडरमध्ये बघितलं. हॅलोविन दिवाळीच्या आधीच येतो. सुट्टी नसेल तेव्हा. पण बाबा मला घ्यायला येतील.” मग तिने माझ्याकडे वळून, काहीशा त्रासिक सुरात, उसवायला सांगताना बोलली होती तसं विचारलं, “याल ना बाबा? आधी रजा टाकून ठेवा.”

मी बोचक्याला आणखी एक गाठ मारली आणि येईन म्हणालो.

नोव्हेंबर सरता सरता पुण्याच्या कोर्टात न्यायाधीशबाईंनी तिला आत बोलावलं. गौरी आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. गौरीने मला विचारलं की तुला भीती नाही का वाटत. मी म्हणालो, नाही. आत इरू काय बोलली हे मी तेव्हा विचारलं नाही आणि आजवर कधी विचारलेलं नाही. मला ते वडशातच कळलं होतं.